बहारीनचं विमान उतरेपर्यंत

डिचोलीला ज्यांच्या घरी मी सहा वर्षं भाड्याने राहिले, ते गृहस्थ जन्मात कधी विमानात बसले नाहीत. दाबोळीचा विमानतळही त्यांनी एकदाच, बसच्या खिडकीतून, जाता जाता पाहिला होता. तरीही आमच्या वाड्यावरचा कोणी आखातात जायला निघाला की त्याच्या घरून पहिला निरोप यांना यायचा. विमान मुंबईहून सुटायच्या सुमारास ते त्या घरी जात, सोप्यात खुर्ची ओढून बसत आणि ते तिकडे उतरायची वेळ होईपर्यंत हलत नसत. वेळ झाली की उठत, सदरा सारखा करत आणि घरच्या बाईला सांगत, “उतरलो.”

पुस्तकी मराठीत ‘उतरलो’ म्हणजे बोलणारा स्वतःच उतरला. आमच्या बोलीत त्याचा अर्थ ‘तो उतरला’ एवढाच. पण त्या क्षणी काकांच्या तोंडाकडे पाहिलं की पुस्तकी अर्थच खरा वाटायचा. तीन-साडेतीन तास अवघडून बसून, कानांत गच्च दडे बसून, आताच कुठे जमिनीला पाय लागल्यासारखा त्यांचा चेहरा होई. मग ते चहा मागत. त्याआधी पाणीसुद्धा घेत नसत.

त्यांना नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. पाळीच्या खाणीवर त्यांनी उभी नोकरी टायमकीपर म्हणून केली, म्हणून सगळे त्यांना टायमकीपरच म्हणत. मी काका म्हणायची.

मी मूळची कोरगावची. डिचोलीच्या एका हायस्कुलात गणित आणि भूगोल शिकवायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. खोली बघायला गेले त्या दिवशी काका दारातल्या पायरीवर बसून छत्रीची तार सरळ करत होते. नाव, गाव, जात, लग्न यांतलं काही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न केला, “कोरगावसून हांगा येवपाक कितलो वेळ लागलो?”

“पंचेचाळीसेक किलोमीटर असेल,” मी म्हटलं.

“तें न्हय. वेळ सांग.”

मी आठवून सांगितलं. पेडण्याला बस उशिरा आली, म्हापशाला दुसरी पकडली, सगळे मिळून अडीच तास. त्यांनी समाधानाने मान हलवली. “किलोमीटर सरकाराचे. वेळ आपलो,” असं म्हणून त्यांनी काकींना किल्ली आणायला सांगितली. मला खोली मिळाली ती अशी.

काकी हळर्णच्या. बोलणं कमी, पण बोलल्या की नेमकं. “आमची वरात हळर्णसून भायर सरली तेन्ना हो मनीस वेळ मोजूंक लागलो,” त्या मला म्हणाल्या होत्या, “अजून सोंपूंक ना.”

खाणीवर त्यांचं काम म्हणजे फाटकाशी बसायचं, कामगारांचे बिल्ले घ्यायचे, आल्यागेल्याची वेळ लिहायची. शिवाय माल भरून धक्क्यावर जाणाऱ्या ट्रकांच्या फेऱ्या. ट्रक परत आला की ड्रायव्हरच्या तोंडाकडे न बघता ते सांगत की हा अमोण्याच्या वाटेवर चहाला थांबला होता. सांगत एवढंच, लिहीत मात्र नसत. पाच मिनिटांपर्यंतचा उशीर त्यांच्या लेखी उशीर नव्हता. “पांच मिनटां मनशाचीं,” हा त्यांचा शब्द. फाटकावर नवीन आलेल्या इंजिनियराने एकदा त्यावरून त्यांना झापलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी तो इंजिनियर चार मिनिटं उशिरा आला ती वेळ आठाचीच लिहिली. हे मला त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका माणसाने सांगितलं. काकांनी स्वतः नाही.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास ही ट्रकवाली, मशीनवाली माणसं एकेक करून मस्कत, कुवेत, बहारीन अशी जायला लागली होती. ज्यांची येण्याजाण्याची वेळ त्यांनी इतकी वर्षं लिहिली, ती माणसं आता निघत, आणि पोचली कधी ते मात्र पंधरा दिवसांनी पत्र आल्यावर कळे. ते पंधरा दिवस काकांना सोसवत नसत.

पहिल्यांदा ते बसले ते आमच्या शेजारणीकडे. ती सावंतवाडीकडची, नवरा खाणीवर ड्रायव्हर, पदरात दोन लहान मुली. नवरा मस्कतला जायला निघाला आणि आदल्या दिवसापासून बाईने अन्न सोडलं. काकांना कळलं तेव्हा ते नेसत्या कपड्यांनिशी गेले. मीही शाळेला सुट्टी म्हणून मागोमाग गेले. तिकिटावरची वेळ त्यांनी एका चिठ्ठीवर उतरवून घेतली होती.

“भाऊ, ह्यांचा विमान आता खय आसात?” तिने विचारलं.

“आतां दर्यार. मुंबय फाटीं उरली,” काका म्हणाले. “भियेवं नाका. वाटेर रस्तोच ना, मागीर खड्डे खंयचे?”

ती रडता रडता हसली. थोड्या वेळाने ते म्हणाले की आता जेवण दिलं असेल. काय दिलं असेल, तिने विचारलं. “शीत-हुमण ना. पाव दितात,” काकांनी ठामपणे सांगितलं. मग आपण इकडे उपाशी कशाला, असं म्हणून त्यांनी तिला पावाचा उंडा आणि चहा घ्यायला लावलं. आणि तिकिटावरच्या वेळेला उठून म्हणाले, “उतरलो.”

मुंबईहून सुटल्याला जेमतेम सत्तर मिनिटं झाली होती.

घरी येताना ते विमानाच्या वेगाचं कौतुक करत होते. मला शंका आली. मी तिकिटावरच्या वेळा विचारल्या, आणि मग सांगावंच लागलं की सुटायची वेळ आपल्या घड्याळाची असते आणि उतरायची तिथल्या घड्याळाची. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. प्रवास सत्तर मिनिटांचा नव्हताच, दोन तास चाळीस मिनिटांचा होता.

ते रस्त्यातच थांबले. इतका पडलेला चेहरा मी वर्गात नापास झालेल्या मुलांचाही पाहिला नव्हता. तसेच उलट फिरले आणि शेजारणीच्या दारात उभे राहून म्हणाले, “बाय, चूक जाली. तुज्या घोवाक हांवें दर्यांत उतरयलो. आनीक दीड वर बसपाक जाय.” आणि पुन्हा खुर्ची ओढून बसले. मिटलेल्या काळजीत तिला पुन्हा दीड तास ढकलल्याबद्दल काकींनी त्यांना रात्रीच्या जेवणात शब्दाने विचारलं नाही, नुसती आमटी वाढली नाही.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे शिकवणीच धरली. त्यांच्याकडे एक जुना शाळेचा नकाशा होता, त्यावर ते पट्टी ठेवून अंतरं काढत. पृथ्वी गोल असल्यामुळे कागदावरची सरळ रेघ आकाशात सरळ नसते, हे त्यांना पटेना. शेवटी एका शनिवारी मी हेडमास्तरांच्या परवानगीने शाळेतला पृथ्वीचा गोल पिशवीत घालून घरी आणला. काकांनी केरसुणीतला एक लांब, ओलसर हीर उपसला, मुंबईवर एक टोक धरलं आणि गोलावरून वाकवत बहारीनपर्यंत नेला. तिथे नखाने खूण केली. मी प्रमाण काढून दिलं. सुमारे चोवीसशे किलोमीटर, विमानाला साडेतीन तास. मग कुवेत, मग दुबई, मग उगाच लंडन. संध्याकाळपर्यंत काकींच्या केरसुणीचे सात-आठ हीर नखांच्या खुणांनी भरून मेजावर पडले होते.

“झाडूं कितें, अरबस्तान?” काकी म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांच्या दोन्ही हातांत घड्याळं आली. डाव्या हातात स्वतःचं, उजव्या हातात काकींचं, बारीक पट्ट्याचं, आखाताच्या वेळेवर लावलेलं. बाजारात लोक हसत. एकदा मासळी घेताना एकाने विचारलं, हे बायकांचं घड्याळ कशाला. काकांनी शांतपणे विचारलं, “उजव्या हातान जेवतात न्हय? मागीर गल्फ त्याच हाताक.” डिचोलीत त्या वर्षी निम्म्या घरांचा भात आखातातून येत होता.

हे सगळं ते का करत, ते मला काकींनी सांगितलं, तेही तांदूळ निवडताना, मान वर न करता. पोर्तुगीज अमदानीत काकांचा थोरला भाऊ मुरगावहून बोटीने आफ्रिकेला गेला होता. किती दिवस लागतात ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाई रोज संध्याकाळी विचारत, पोचला असेल का. कोणी म्हणे आठ दिवस, कोणी म्हणे महिना. पत्र यायला चार महिने लागले. तोवर सासूबाईंची तब्येत उतरली ती पुन्हा भरली नाही. “कोणें तिका सांगूंक जाय आशिल्लें,” काकी म्हणाल्या. “खरें ना, फट तरी.” कोणीतरी सांगायला हवं होतं. खरं नसलं तर खोटं तरी.

ते भाषेच्या वादाचे दिवस होते. मराठी की कोंकणी यावरून गावागावांत सभा, घोषणा, एका घरातले दोन भाऊ दोन मंडपांत. काका ज्या घरांत बसायला जात ती दोन्ही बाजूंची असत, आणि विमान समुद्रावर असताना कोणीतरी विषय काढीच. एकदा एका तापलेल्या तरुणाने त्यांना सरळ विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूचे. काकांनी डोळे मिटले. “बरयतां मराठी, उलयतां कोंकणी,” ते म्हणाले. “आनी वेळ दोनूय भाशांनी एकूच. आतां वगी राव, विमान देंवता.” लिहितो मराठी, बोलतो कोंकणी, वेळ दोन्हींत एकच; आता गप्प बस, विमान खाली येतंय. तोही घड्याळाकडे बघायला लागला.

माझा थोरला भाऊ, दादा, बहारीनला जायला निघाला तेव्हा काका माझ्याबरोबर कोरगावला आले. आमचे बाबा फटकळ. मागच्या बाजूला मिरचीच्या वाफ्याला पाणी देता देता ते मोठ्याने म्हणाले, जाणारा विमानात, विमान आकाशात आणि हा डिचोलीकर माझ्या सोप्यात, ह्याचा एकमेकांशी संबंध काय. काका ऐकत होते. आईने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत ते साडेतीन तास बसले. मुंबईच्या गोंधळाचा अर्धा तास वर धरला. तो अर्धा तासही सरला आणि ते अजून उठले नव्हते, तेव्हा मागच्या दारातून बाबांचा आवाज आला, “कितें, उतरलो काय ना?”

“आतांच,” काका म्हणाले. बाबा पाण्याचं काम तसंच टाकून, हात धुऊन चहाला आत आले. दोघांनी एका बाकावर बसून चहा घेतला.

दीड वर्षाने बाबा गेले. संध्याकाळी विहिरीवर चक्कर आली, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मला निरोप पोचला आणि काका-काकी मला घेऊन कोरगावला निघाले. पेडण्यातल्या एका दुकानाच्या फोनवरून दादाच्या कंपनीत कसाबसा फोन लागला. दादाला त्याच रात्रीचं विमान मिळत होतं. काका माझ्या शेजारी उभे राहून मला काय काय विचारायचं ते सांगत होते. किती वाजता सुटतं, मुंबईला कधी, तिथून गोव्याचं कुठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं जमली. बाबांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही आपा म्हणतो, त्यांचा विचार दुपारी बारापर्यंत उरकायचा होता. धाकट्या चुलतभावाने अग्नी द्यायचा. दादाची वाट बघण्यात अर्थ नाही, आखातातून माणूस एका दिवसात येत नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या अनुभवाप्रमाणे ते खोटं नव्हतं.

काका पुढे झाले. आमच्या घरात त्यांचा शब्द चालावा असं त्यांचं काही नातं नव्हतं.

“हांव तुमच्यांतलो न्हय,” ते आपांना म्हणाले. “पूण चार वरांमेरेन रावात. तो चाराक दारांत आसतलो.” चारपर्यंत थांबा, चारला तो दारात असेल.

“टायमकीपरानू, विमान तुमी चलयतात?” आपांनी विचारलं.

काकांनी बोटांवर मोजून दाखवलं. बहारीन ते मुंबई साडेतीन तास, म्हणजे आता तो मुंबईत उतरलेला आहे. बाराचं गोव्याचं विमान, एक तास, एकला दाबोळी. पणजीचा पूल पडलेला, तेव्हा फेरीबोटीला पाऊण तास. म्हापसा, कोलवाळ, पेडणे. चार. मध्ये त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. अंगणातली माणसं आपांकडे बघायला लागली. भटजी म्हणाले, सूर्यास्ताच्या आत झालं तर अडचण नाही. आपांनी माझ्या आईकडे पाहिलं. आई काकांकडे बघत होती.

मासळीवाल्याच्या गाडीवरून बर्फ आणवला. एकला काका आईजवळ आले आणि हळूच म्हणाले, “दाबोळेक उतरलो.” अडीचला म्हणाले, “फेरीबोटीर आसतलो.” आईने तेव्हा पहिल्यांदा डोळे पुसले आणि बाबांच्या डोक्यावरची विस्कटलेली टोपी नीट केली. मुलगा आला की त्याने बापाला असं विस्कटलेलं पाहू नये, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

साडेतीनला काका फाट्यावर जाऊन उभे राहिले. चार वाजले. साडेचार वाजले. पाचला ते परत अंगणात आले. आपांनी विचारलं, “कितें?”

“म्हाका कळना,” काका म्हणाले. ते शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकले नव्हते.

त्यांनी आणखी दहा मिनिटं मागितली. आपांनी दिली. पुन्हा दहा. आपा काही वाईट माणूस नव्हते, तीही दिली. पावणेसहाला उन्हं माडांच्या वर गेली तेव्हा काका स्वतःच आईसमोर येऊन उभे राहिले. “वयनी, आनीक रावात म्हणूंक म्हज्याकडेन कांय ना,” ते म्हणाले. आईने मान हलवली. बाबांना उचललं. काका स्मशानात गेले नाहीत. ते पुन्हा फाट्यावर गेले.

दादा आला तो एका भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, पायजम्यासारखी गुंडाळलेली पँट, गुडघ्यापर्यंत चिखल. विमानं दोन्ही वेळेवर होती. एकला पाच कमी असताना तो दाबोळीला उतरला होता. पुढच्या रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकली होती. आंदोलन पेटलं होतं आणि वाहनं पुढे जात नव्हती. कुठल्या बाजूच्या लोकांनी टाकली ते विचारायच्या भानगडीत तो पडला नाही. बॅग टॅक्सीत टाकून तो चालत सुटला, शेतांतून, बांधांवरून, मग कोणाच्या तरी स्कूटरवर, मग होडीतून, मग ही मोटारसायकल. चोवीसशे किलोमीटरला साडेतीन तास लागले होते, आणि शेवटच्या सत्तरांना सहा.

फाट्यावर काकांनी त्याला काय सांगितलं ते मला दादाकडून कळलं. काका म्हणाले, “उशीर जालो रे. चूक म्हजी.” दादाने त्यांना एकदाच, माझ्या खोलीवर आला होता तेव्हा, पाहिलं होतं. त्याला आधी कळेनाच की हा माणूस कसल्या चुकीबद्दल बोलतोय. मग दोघे स्मशानाकडे चालत गेले. चिता अजून धडधडत होती. दादा बराच वेळ उभा राहिला आणि मग त्याने विचारलं, “किती वेळ थांबवलंत त्यांना?”

“बारांसून पावणेस वरांमेरेन,” काका म्हणाले. बारापासून पावणेसहापर्यंत.

“मी फोन ठेवला तेव्हा,” दादा म्हणाला, “मला वाटलं होतं माझ्यासाठी कोणी पाच मिनिटंही थांबणार नाही.”

पण काकांच्या मनातून ते गेलं नाही. डिचोलीला परतल्यावर त्यांनी उजव्या हातातलं घड्याळ काढून काकींना दिलं. शेजारीण बोलवायला आली, नवरा सुट्टी संपवून परत मस्कतला निघाला होता. काका म्हणाले, तिकडे फोन लावून विचारा. ती खालच्या मानेने गेली. दिवसभर ते पायरीवर बसून राहत. काकी मला म्हणाल्या, “पयलीं दुसऱ्यांगेर बसतालो. आतां घरांत बसता आनी म्हाका तरास.”

दादा तेराव्यानंतर काही दिवस राहिला. त्याची रजा संपत आली तशी आईने मला विचारलं, “टायमकीपर येतले मगो?”

मी खरं काय ते सांगितलं.

“त्यांका सांग,” ती म्हणाली, “माझो झील जाता. घरात मी एकटी. त्यांका काय कळना जाल्यार बोलां नकात म्हणान सांग. नुसते येवन बसा.”

हा निरोप मी काकांना शब्दशः सांगितला. शनिवारी सकाळी मी कोरगावला जायला निघाले तेव्हा ते छत्री आणि एक पिशवी घेऊन पायरीवर तयार बसले होते. पिशवीत दोन सदरे होते. एका दिवसाच्या कामाला दोन सदरे कशाला, ते मला नंतर समजलं.

विमान सुटायच्या वेळेला ते सोप्यात बसले. आई त्यांच्यासमोर उंबऱ्यापाशी. आता समुद्र, आता जेवण, असं काहीही ते बोलले नाहीत. साडेतीन तास झाले. वरचा अर्धा तास झाला. आईने विचारलं, “उतरलो?”

“उतरूंक जाय,” काका म्हणाले. “पूण म्हाका खबर ना. तार येय सर हांव हांगाच बसतां.” उतरायला हवा, पण मला माहीत नाही. तार येईपर्यंत मी इथेच बसतो.

आणि ते राहिले. रविवार गेला, सोमवार गेला. मी शाळेला रजा टाकली. नुसतं बसून राहणं दुसऱ्या दिवशी त्यांनाही जमेना, तेव्हा ते मागच्या बाजूला गेले आणि बाबांच्या मिरच्यांना पाणी घालू लागले. पंधरा-वीस दिवस त्या वाफ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. रोपं वाळायला आली होती. खाणीवर बिल्ले मोजलेल्या माणसाला पाण्याची पाळी काय कळणार, पहिल्या दिवशी त्यांनी सगळा वाफा फोडून टाकला. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली, मग पायरी उतरली, मग तिने त्यांच्या हातातलं खोरं घेतलं आणि पाणी कसं वळवायचं ते दाखवलं. बाबा गेल्यापासून ती घराच्या मागच्या बाजूला गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून पाणी घालत होती. मी खिडकीतून बघत होते. फार बोलत नव्हती. मध्येच आई म्हणे, “हकडे,” आणि काका पाट वळवत.

मंगळवारी दुपारी पोस्टमन आला. तार इंग्रजीत होती, दोन शब्दांची. मी वाचून दाखवली. काकांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, कितीची तारीख, किती वाजता टाकली. मी ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ‘उतरलो’ हा शब्द काही उच्चारला नाही. तो आईने उच्चारला. त्यांच्याकडे बघत, त्यांना सांगितल्यासारखा. काका हात धुऊन आत आले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा दोन कप चहा प्यायले.

संध्याकाळच्या बसने ते निघाले. आई त्यांना पोचवायला फाट्यापर्यंत आली. त्या काळी नवरा गेलेली बाई वर्ष होईपर्यंत अशी रस्त्यावर दिसत नसे. आपांच्या घरावरून जाताना तिने डोक्यावरचा पदर नुसता नीट केला. बस आली तेव्हा ती काकांना म्हणाली, “घरा पावल्यार कळवा.”

मी त्यांच्याच घरी राहत होते. दुसऱ्या दिवशी मीही डिचोलीला जाणार होते आणि पुढच्या शनिवारी येऊन आईला सांगणारच होते. पण त्याआधीच, शुक्रवारी, आईच्या नावाने एक पोस्टकार्ड आलं होतं. शनिवारी मी घरात पाऊल टाकताच तिने ते माझ्यापुढे धरलं. तिला अक्षरं लागत होती, तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं. खाणीच्या वहीत लिहितात तसं सुटं, ठळक, शुद्ध मराठी अक्षर.

“सौ. वहिनींस सा. न.,” एवढं लिहून त्यातलं ‘सौ.’ त्यांनी नीट एका रेघेने खोडलं होतं. पुढे होतं, “सुखरूप पोचलो. म्हापशास बस चुकली, त्यामुळे तीन तास वीस मिनिटे लागली. आपण काळजीत असाल म्हणून लिहीत आहे. मिरच्यांना एक दिवसाआड पाणी घालावे.”

आईने कार्ड माझ्या हातातून घेतलं, देवाच्या फळीवर ठेवलं आणि खोरं घेऊन मागे गेली. त्या दिवशी पाण्याची पाळी होती.